चर बुजवले तेव्हा

1994 साली स्पेनमधल्या एका शहराच्या पूर्व वेशीवर शेतातले जुने चर बुजवायला सुरुवात झाली. शहराचं नाव व्हिटोरिया-गास्तेइस. बास्क प्रदेशाचा कारभार इथूनच चालतो.

1950 साली इथली वस्ती जेमतेम 50 हजार होती. पुढे कारखाने आले, माणसं आली आणि तीस वर्षांत लोकसंख्या दोन लाखांच्या घरात पोचली. शहर पसरलं, तशी त्याची कडा विद्रूप झाली. खडी उपसून सोडलेल्या खाणी, राडारोड्याचे ढीग, खराब झालेले ओढे. 1990 नंतर नगरपालिकेने ठरवलं, की हेच टाकलेले तुकडे सावरायचे आणि एकमेकांना जोडून शहराभोवती हिरवं कडं करायचं.

पूर्वेच्या साल्बुरुआची कहाणी थोडं थांबून ऐकण्यासारखी आहे. तिथे पूर्वी तळी होती. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी चर खणून ती आटवली गेली. पण जमिनीखालचं पाणी कुठेच गेलं नव्हतं. चर बंद झाले, लहान बांध घातले गेले आणि पाणी पुन्हा वर येऊन साचू लागलं. बोरू माजला, बदकं उतरली, करकोचे घरटी करू लागले. युरोपातून नाहीसा होत चाललेला मिंक हा मुंगसाएवढा प्राणीही इथे आसरा धरून आहे. 2002 साली या पाणथळीला महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत जागा मिळाली. शिवाय आसपासच्या ओढ्यांचा पूर आता आधी तिच्यात पसरतो आणि शहराकडचा लोंढा ओसरतो. एरवी याच कामासाठी काँक्रीटचे नाले बांधले जातात!

पश्चिमेला साबालगानात खडीच्या खाणींवर माळ आणि झाडी आली. दक्षिणेला ओलारिसूमध्ये नागरिकांना भाजीपाल्याचे वाफे मिळाले. हे सारे तुकडे गुंफणारी सुमारे 30 किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांचीही आहे. वाटेच्या कामाइतकंच पाणी आणि माती सावरण्याला इथे महत्त्व दिलं गेलं, हे मोठं शहाणपण.

2012 साली हे शहर युरोपची हरित राजधानी ठरलं. साल्बुरुआच्या माहिती केंद्राचा सज्जा थेट तळ्यावर झेपावलेला आहे. तिथे उभं राहिलं, की खाली पाणी असतं आणि पाठीशी नव्या वस्तीच्या इमारती.