धोक्याची घंटा आणि स्वयंचलित घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आज मजकडे सोपविलेला विषय यंत्रांचा असला, तरी त्याचे मूळ आपल्या घरांच्या पालटलेल्या स्थितीत आहे. ज्या घरात ओसरीवर आजोबा आणि माजघरात आजी असत, त्या घराला कुलूप लागण्याचा प्रसंगच क्वचित येई. आज मुलगा परदेशी, मुलगी बंगळुरास, पुण्याच्या सदनिकेत वृद्ध दांपत्य एकटे, आणि कोकणातले घर गणपती व शिमगा सोडल्यास वर्षभर बंद, अशी पुष्कळ कुटुंबांची अवस्था आहे. अशा घरासाठी चोरसूचक यंत्रणा कोणती घ्यावी, आणि दिवे, पंखे, कुलपे यांना हुकूम देणाऱ्या गृहस्वयंचलनाशी ती कशी जोडावी, एवढाच आजचा मर्यादित प्रश्न आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचे पेटंट मिळविले. दार उघडले की विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे, इतकी ती साधी होती. पुढे न्यू यॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने आपल्या पतीच्या साहाय्याने दारावरील कॅमेरा, घरातील पडदा आणि दुरून उघडणारे कुलूप यांची सांगड घातली. तिला १९६९ साली पेटंट मिळाले. आज आपण ज्याला स्वयंचलित घर म्हणतो, त्याचे बीज घरात एकट्या असणाऱ्या एका स्त्रीच्या भीतीत आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

निवडीचा पहिला नियम असा की, घंटा स्वतंत्र असावी आणि स्वयंचलन तिचे साहाय्यक असावे. इंटरनेट बंद पडले, राउटर बिघडला, स्वयंचलनाचा संगणक थांबला, तरी दार फोडले जाताच भोंगा वाजलाच पाहिजे. उलट, घंटेची वार्ता कळताच सर्व दिवे लावणे आणि मुलाच्या दूरध्वनीवर निरोप पाठविणे, ही कामे स्वयंचलनाने खुशाल करावीत. नोकराच्या गैरहजेरीत पहारा थांबत असेल, तर त्याला पहारा म्हणता येणार नाही.

या नियमामागे अनुभव आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे गृहनियंत्रक यंत्र कंपनीने २०१६ च्या मे महिन्यात कायमचे बंद केले. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन कंपनीचे मध्यवर्ती संगणक अचानक थांबले व ग्राहकांची दूरनियंत्रणे निरुपयोगी झाली. गूगलच्या नेस्ट सिक्युअर या घरसंरक्षक संचाची सेवाही २०२४ च्या एप्रिलमध्ये संपली. तेव्हा दुकानदारास पहिला प्रश्न हा विचारावा : “कंपनीचा परदेशातील संगणक उद्या बंद झाला, तर या पेटीचे कोणते काम चालू राहील?” जिची वार्ता घरातल्या घरात दुसऱ्या यंत्रास मिळते, किंवा निदान जिला साधा रिले-संपर्क आहे, ती पेटी पसंत करावी. होम असिस्टंट ही २०१३ पासून वाढत आलेली विनामूल्य प्रणाली अशा पेट्यांशी घरातच बोलू शकते.

दुसरा मुद्दा परदेशी आप्तांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूंचा. झेड-वेव्ह जातीची उपकरणे अमेरिकेत ९०८.४२, युरोपात ८६८.४२ आणि भारतात ८६५.२ मेगाहर्ट्‌झवर बोलतात. न्यू जर्सीहून आलेला संवेदक येथील पेटीस ऐकूच येणार नाही. शिवाय ती लहर येथे परवान्याविना मोकळीही नाही. झिग्बी जातीची उपकरणे बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात व ती लहर सर्वत्र सारखी आहे. म्हणून आप्तांना “काहीतरी आणा” असे न सांगता जात व लहर लिहून कळवावी.

तिसरा मुद्दा सिमकार्डाचा. अनेक स्वस्त पेट्यांत केवळ टू-जीचे यंत्र असते. जिओचे जाळे आरंभापासून फोर-जीचे असल्याने तिचे कार्ड अशा पेटीत चालत नाही. अमेरिकेतही २०२२ साली मोठ्या कंपन्यांची थ्री-जी जाळी बंद झाली, तेव्हा जुन्या घंटांची संदेशयंत्रे बदलावी लागली. पेटी फोर-जीची आहे, एवढे पाहूनच पैसे मोजावेत.

चौथा मुद्दा आपल्या हवेचा. हालचाल ओळखणारा अवरक्त संवेदक मनुष्यदेह आणि भोवताल यांच्या उष्णतेतील फरक पाहतो. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान अंगाच्या उष्णतेजवळ आले की त्याची नजर मंद होते. काचेवर पाल चढली, तर तोच संवेदक विनाकारण ओरडतो. यास्तव दारे-खिडक्यांवरील चुंबकी संपर्कांस पहिला मान द्यावा व अवरक्त संवेदक दुसऱ्या फळीत ठेवावा. कोकणातल्या घरात वीज तासन्‌तास जाते. तेथे पेटीची स्वतःची बॅटरी किती वेळ टिकते हे मुख्य कळ बंद करून तपासावे, आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा.

याच यंत्रणेस वायूचा संवेदक जोडता येतो. पण जागा चुकली तर तो व्यर्थ होय. सिलिंडरचा वायू हवेहून जड असल्याने त्याचा संवेदक जमिनीलगत हवा. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा संवेदक छताजवळ हवा. आणि वायूचा इशारा मिळताच पंखा किंवा दिवा आपोआप लागेल, अशी योजना चुकूनही करू नये. कळेतील ठिणगी पुरेशी असते.

पाचवा मुद्दा अधिकाराचा. पहारा सुरू करण्याचे काम यंत्रावर सोपवावे. पहारा उठविण्याचे मात्र माणसाने सांकेतिक अंक देऊनच करावे. प्रत्येकास निराळा अंक द्यावा. घरकाम करणाऱ्या बाईंनाही त्यांचा स्वतंत्र अंक असला, म्हणजे घरात काही हरवल्यास त्यांच्यावर उगाच संशय येत नाही. यंत्रासोबत आलेला मूळ परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने असे न बदललेले शब्द वापरूनच जगभरचे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

शेवटी थोडे परदेशस्थ तरुण मंडळींस सांगावयाचे आहे. आईवडिलांच्या काळजीने आपण कॅमेरे बसविता, हे योग्यच. परंतु दिवाणखान्यात बसलेल्या वडिलांना आपण पाळतीखाली आहो असे वाटू नये. कॅमेरा दाराबाहेर असावा. आत दाराचे संपर्क, धुराचा व वायूचा संवेदक, आणि उशाशी मदतीची कळ एवढे पुष्कळ आहे. आत काय बसवावयाचे, याचा निर्णय ज्यांचे घर आहे त्यांना विचारून घ्यावा. ती कळ दाबल्यावर पहिला निरोप शिकागोस न जाता शेजारच्या दारी जावा. कारण किल्ली घेऊन दोन मिनिटांत येणारा मनुष्य तेथेच आहे. त्यानंतर ११२ हा क्रमांक आहेच.

महिन्यातून एकदा, शेजाऱ्यांस आधी सांगून, भोंगा वाजवून पाहावा. यंत्र घेताना जितकी चौकशी करावी तितकीच घेतल्यावरही राखावी.