पडद्यावरचा समुद्र

हर्णे बंदर असो की मिरकरवाडा, अनेक यांत्रिक नौकांवर आता तांडेलासमोर फिश फाइंडरचा पडदा दिसतो. नौकेच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी किती वेळात परतला, यावरून खोली कळते. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून लहर जोरात परतते, म्हणून थवा पडद्यावर उठून दिसतो. खडकाळ तळ आधीच कळला की जाळं वाचतं. माझ्या मते हा फायदा मासळी दिसण्याइतकाच मोठा. ट्रान्सड्यूसरवर शेवाळ चढलं की चित्र बिघडतं. नौका किनाऱ्यावर ओढली की तो हलक्या हाताने पुसून घ्या. आणि नौकेवरच्या दुसऱ्या यंत्राबद्दलही थोडं: व्हीएचएफ रेडिओवरचं १६ नंबरचं चॅनेल संकटाच्या हाकेसाठी असतं. त्यावर गप्पा मारू नका. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक आहे १५५४.