आपुलकी आणि हिशेब



या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे होतात. मी कामगार संघटनेचा साधा कार्यकर्ता. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले; बाकीचे कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पांडित्य मजकडून मिळणार नाही. एकत्र काम करणाऱ्या माणसांचे संबंध कशाने टिकतात, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे. माणसाला नावाने हाक मारावी, घरच्यांची विचारपूस करावी, अडीनडीला उभे राहावे. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडते.

त्या काळी गिरणीत जॉबर असे. कामावर घेणे, काम करवून घेणे आणि कामावरून काढणे हे बहुतांशी त्याच्याच हाती. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण त्याच्या ओळखीने खात्यात शिरे. राहायला जागा पाहून देणारा तोच, खाणावळीत शब्द टाकणारा तोच, लग्नाला आणि आजारपणाला कर्ज देणारा तोच. मालकाला कामगाराचे नावही ठाऊक नसे. जॉबरला त्याच्या गावची वाट ठाऊक असे. आपुलकी म्हणाल तर याहून अधिक कोणती?

परंतु या आपुलकीचा हिशेब कोठे लिहिलेला नव्हता. नोकरी लागली की दस्तुरी द्यावयाची, टिकवावयाची तर पुन्हा द्यावयाची. पावती नाही, मुदत नाही, दाद मागण्याची जागा नाही. सगळेच जॉबर दुष्ट होते असे नव्हे; काही संपांत ते कामगारांच्या बाजूने उभेही राहिले. पण ज्या उपकाराला हिशेब नाही, त्याची परतफेड कधी पुरी होत नाही. 1929 साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात नेमके येथेच बोट ठेवले. माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा, असे त्याने सांगितले. 1935 पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. कार्ड म्हणजे कागदाचा कपटा. पण त्यावरचे नाव जॉबरच्या मर्जीने पुसले जाणार नाही, अशी आशा त्यात होती.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांना वंदनीय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या शब्दाखातर हजारो कामगार जमत. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना लोखंड्यांना स्वतःलाच प्लेगाने गाठले. एवढी माया क्वचितच कोणी लावली असेल. तरीही त्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते, अशी नोंद त्या काळच्या सरकारी अहवालात आहे. त्यांच्यामागे ती टिकली नाही. त्यांचा मोठेपणा याने उणावत नाही. पण एका माणसाची माया त्या माणसाबरोबर जाते. वही मागे राहते. पुढे 1926 च्या कामगार संघटनांच्या कायद्याने सभासदांची यादी आणि हिशेबाची पुस्तके सभासदांना पाहावयास खुली ठेवण्याचे बंधन घातले, ते याचसाठी.

म्हणून आमच्या कचेरीत दोन गोष्टी जोडीने चालतात. वर्गणी आम्ही जागेवर जाऊन घेतो. पावती फाडायला एक मिनिट लागते आणि गोष्टी दहा मिनिटे होतात. कोणाची आई आजारी, कोणाचा मुलगा दहावीला, हे तेव्हाच कळते. पण त्याच वेळी वहीत लिहितो: कोणी काय मागितले, उत्तर कोणत्या तारखेला द्यावयाचे. काम झाले नसले तरी त्या तारखेला जावयाचे आणि ‘झाले नाही’ असे सांगावयाचे. माणूस नकार सोसतो. ताटकळणे सोसत नाही.

एका वार्षिक सभेत एका सभासदाने चहाच्या खर्चाचे व्हाउचर मागितले. व्यासपीठावरच्या काहींना तो अपमान वाटला. व्हाउचर काढून दाखविले. पुढल्या वर्षापासून तोच गृहस्थ आपल्या खात्याची वर्गणी गोळा करू लागला. हिशेब विचारणारा माणूस परका नसतो. संस्था आपली वाटते म्हणूनच तो विचारतो.

गिरण्या गेल्या, जॉबर गेला, पण ती रीत गेली नाही. एका ठेकेदाराकडे पन्नासेक कामगार होते. सारे त्याला ‘दादा’ म्हणत. दिवाळीला न मागता उचल देई, कोणाला अपघात झाला तर स्वतः दवाखान्यात जाई. एका बाईने भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मागितला, तेव्हा बाकीचे तिच्यावरच रागावले. पुढे उघडकीस आले की दोन वर्षे पगारातून रक्कम कापली गेली होती, भरली मात्र गेली नव्हती. मूळ कंपनीकडे धरणे धरून ती भरून घ्यावी लागली. त्या दादाला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याची माया खोटी नसावी. पण तिच्या आडोशाला म्हातारपणाची पुंजी बुडत होती, आणि मायेमुळेच कोणी विचारीत नव्हते.

आता हे कारखान्यापुरतेच आहे असे समजू नका. आपल्यांपैकी कोणी शाळा चालवितात, कोणी दुकान, कोणी पतसंस्था. पुष्कळांच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. ‘आम्ही तिला घरातलीच मानतो’ असे आपण अभिमानाने म्हणतो. मानावेच. पण तिचा पगार कोणत्या तारखेला, वाढ केव्हा, आजारपणात पैसे कापावयाचे की नाही, हे कोठे लिहिले आहे काय? गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या घरातल्याच मानलेल्या त्या बाईचा रविवार कोणता, एवढे आज घरी गेल्यावर तिच्याशी बोलून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.