शर्यतीनंतरचे बोल

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्याचा मुलूख. येथे, तसेच शेजारच्या हल्याळ व यल्लापूर तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने या समाजातील मुलेमुली निवडून त्यांना धावण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पदके मिळाली, परंतु १९९३ साली योजना बंद पडली आणि कित्येकजण पुन्हा मजुरीकडे वळले.

दोष त्यांच्या पायांचा नव्हता. त्यांची बाजू मांडणाराच कोणी नव्हता. याच समाजाचे शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले, पण त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले.

म्हणूनच खेळाचा तास संपल्यावर शिक्षकाने मुलाला वर्गापुढे उभे करावे. संघ कसा बांधला, कोण रुसले, हार कोठे झाली, हे त्याने आपल्या शब्दांत सांगावे व इतरांनी ऐकावे. शर्यत काही क्षणांत संपते; चारचौघांत बोलण्याचे धैर्य जन्मभर पुरते. उद्या एखादी योजना बंद पडली, तर ती का पडली, हे विचारण्याचे बळही त्यातूनच येईल.