खुशालीचे पत्र



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या बाईंनी आम्हांला पत्रलेखन शिकविले. म्हणून आज मी एका पत्राविषयीच बोलणार आहे.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण सुरू झाले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मराठा पलटणीचे केंद्र असलेल्या आपल्या बेळगावात युद्ध ही केवळ वर्तमानपत्रातील बातमी नव्हती. गल्लीगल्लीतून कोणी ना कोणी सैन्यात गेलेले होते. नेफा आणि लडाखच्या थंडीत जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नाहीत, हे कळताच देशभर स्त्रियांनी विणकामाच्या सुया हाती घेतल्या. आमच्या ओसरीवरही दुपारभर लोकरीचे गुंडे उलगडत असत. स्वेटर, मोजे, कानटोप्या यांची पार्सले बांधली जात. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी हातांतल्या पाटल्याही उतरल्या.

पत्रांचा पत्ता मात्र विलक्षण असे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ'. गावाचे नाव नाही. शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून ही व्यवस्था. पण आपला माणूस बर्फात आहे की मैदानात, हे त्यामुळे घरच्यांनाही उमगत नसे.

शेजारच्या वहिनींना लिहिता येत नसे. त्यांची पत्रे मी लिहून देई. त्या दिवसांत त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी तसे लिहू लागताच त्यांनी माझा हात धरला.

"तसं नको. लिही, आई बऱ्या हाईत."

"पण हे खोटं आहे," मी म्हणालो.

"त्यांच्या हातात बंदूक हाय, बाळा. माझी काळजी कुठल्या हातानं धरतील?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "पत्र कोणाचं? तिचंच ना? मग ती सांगेल तेच लिही."

मी लिहिले. पुढे सासूबाई गेल्या. काही महिन्यांनी ते गृहस्थ रजेवर आले, तेव्हा आई आजारी असल्याचे आपल्यापासून लपविले, म्हणून दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून माझ्याच अक्षरातले ते पत्र काढले. घड्यांवर फाटेपर्यंत ते वाचले गेले होते. वहिनींचा निर्णय योग्य होता की नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. तो घेण्याचा भार मात्र त्यांनी एकटीने वाहिला.

पुढे मराठी गद्याचा अभ्यास करताना 'इकडील सर्व क्षेम' हे शब्द मी निव्वळ सांकेतिक मायना म्हणून बाजूला सारले. ती माझी चूक होती. कित्येक घरांत तो मायना म्हणजे एका बाईने गिळलेला हुंदका होता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी जुनी पत्रे असतील तर ती टाकून देऊ नका. आजीजवळ बसून ती वाचा, आणि त्यांत काय लिहिले नाही, हेही तिला विचारा. बाईंच्या स्मृतीला हेच खरे अभिवादन ठरेल.