पोटात राहिलेला टॉवेल आणि यंत्राने दिलेला आकडा



१० जुलै १९६३. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ तारखेला, तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. रोज होणारी, साधी शस्त्रक्रिया. त्यानंतर मात्र तिला सणकून ताप भरला आणि पोटात असह्य दुखू लागले. नवरा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे धावत राहिला. अखेर दुसऱ्या शल्यविशारदाने पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत शस्त्रक्रियेत वापरलेला टॉवेल निघाला. भोवती पू साचला होता. २४ जुलैला ती बाई गेली. बाळाला जन्मून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रकरण दिल्लीला गेले. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो २० फेब्रुवारी १९९६ रोजी. घटना आणि निकाल यांत ३३ वर्षे गेली. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल वैद्यकीय हलगर्जीपणाच्या धड्यात वाचतात. पण तो याच शहरात घडलेल्या एका मरणाचा आहे, हे वर्गात किती वेळा सांगितले जात असेल?

न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली अशी की, टॉवेल पोटात राहिला ही वस्तुस्थितीच हलगर्जीपणा सांगते, त्याला वेगळ्या साक्षीदाराची गरज नाही. दुसरी आजच्या विषयासाठी, म्हणजे यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाची यासाठी, अधिक मोलाची. नेमका कोणत्या डॉक्टरचा किंवा कर्मचाऱ्याचा हात चुकला हे ठामपणे सिद्ध झाले नाही, एवढ्यावरून रुग्णाच्या घरच्यांचा दावा बुडत नाही. ती सगळी माणसे ज्या सरकारच्या नोकरीत होती, त्या सरकारवर जबाबदारी येते.

टॉवेल हातात धरून कोर्टात दाखवता येतो. यंत्राची चूक तशी दाखवता येत नाही. आता एक वेगळी खोली पाहू. छातीचा एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर उघडतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर तो वाचते. काही सेकंदांत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर लाल-पिवळा डाग उमटतो आणि कोपऱ्यात आकडा येतो. समजा, ०.४८. हा आकडा म्हणजे क्षयरोग असण्याची टक्केवारी नव्हे. फोटोत यंत्राला किती संशयास्पद वाटले, त्याचे ते माप आहे. कितीच्या पुढे गेल्यावर माणसाला थुंकीच्या तपासणीला पाठवायचे, हा उंबरठा आधी कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो. तो ०.४० असेल तर हा माणूस तपासणीला जातो. ०.५० असेल तर घरी जातो, आणि त्याला खरोखर क्षय असेल तर तिथे खोकत राहतो, एकाच खोलीत झोपणाऱ्या नातवंडांना आजार देऊ शकतो.

उंबरठा खाली आणला की निरोगी माणसांची धावपळ वाढते, वर नेला की रुग्ण निसटतात. दोन्ही बाजूंनी किंमत आहे. मग हा आकडा ठरवला कोणी? सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने, खरेदी करणाऱ्या खात्याने, क्षयतपासणी मोहिमेच्या अधिकाऱ्याने, की बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने आहे तसाच राहू दिला? उद्या खटला उभा राहिला, तर वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

या यंत्रांविरुद्ध बोलण्याचा इथे मुळीच हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे सॉफ्टवेअर छातीचे एक्स-रे वाचते. मुंबईतच २०१८ पासून वाधवानी संस्था आरोग्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करते आहे. तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट मिळणे किती अवघड आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. चार दिवसांनी येणारा अहवाल चार मिनिटांत आला तर जीव वाचतात. म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न आता सोडवायला हवा, वापर अंगवळणी पडण्याआधी.

कारण यंत्रे चुकतात, आणि चुकताना आवाज करत नाहीत. अमेरिकेत कितीतरी रुग्णालयांत सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे ओढवणारी जीवघेणी अवस्था, आधीच ओळखणारी एक प्रणाली बसवलेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्याच रुग्णालयातल्या २७,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींवर ती तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्यांना खरोखर सेप्सिस झाला होता, त्यांच्यापैकी ६७ टक्के रुग्ण तिने ओळखलेच नव्हते. हे कळले, कारण कोणीतरी नोंदी काढून बसले. जिथे नोंदीच नसतील, तिथे पोटातला टॉवेल सापडणार कसा?

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कोरा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आणले, आणि १ एप्रिल २०२० पासून अशी उपकरणे कायद्याच्या दृष्टीने ‘औषध’ ठरली. त्याच वर्षी मार्चमध्ये, टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत स्वच्छ लिहिले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या व्यवस्थेने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहून द्यायचे नाही. तिने डॉक्टरला मदत करावी, शेवटचा शब्द नोंदणीकृत डॉक्टरचा. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

शेवटचा शब्द डॉक्टरचा, हे ऐकायला बरे वाटते. त्याचा दुसरा अर्थ असा की सहीदेखील डॉक्टरचीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याचे एक पूर्ण प्रकरण आणले. त्यातले कलम ८७ मात्र आज पदवी घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने आणि वकिलाने शांतपणे वाचावे. एखादी वस्तू केवळ तज्ज्ञानेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि उत्पादकाने त्या तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिलेली असेल, तर सूचना कमी पडल्याच्या दाव्यातून उत्पादक सुटू शकतो. ‘हे केवळ डॉक्टरच्या मदतीसाठी आहे’ ही पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली ओळ कशासाठी असते, ते इथे कळते. डॉक्टरांची सेवा या कायद्यात येतच नाही, असा मुद्दाही मांडून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला.

म्हणजे घाटीच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टर दोन्हीकडून सापडतो. यंत्राचे ऐकून चूक झाली तर विचारणार, ‘तुमची बुद्धी कुठे गेली होती?’ न ऐकता चूक झाली तर विचारणार, ‘यंत्र सांगत होते, तरी दुर्लक्ष का केले?’ छत्तीस तास जागलेल्या त्या पोराने किंवा पोरीने कंपनी, खाते आणि रुग्णालय यांच्या वाटचे ओझे एकट्याने उचलावे, हा न्याय नव्हे. खोडवा निकालाचा दुसरा भाग इथे पुन्हा उघडावा लागेल. अनेक हातांनी मिळून झालेल्या कामात एकच हात दाखवता आला नाही, तरी ज्यांनी ते काम उभे केले त्यांनी जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व टॉवेलला लागू झाले. ते सॉफ्टवेअर विकत घेऊन बसवणाऱ्या संस्थेलाही लागू व्हावे. हा युक्तिवाद अजून नीट उभा राहायचा आहे, आणि तो जालना रोडवरच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या खंडपीठातून उभा राहिला तर ते उचितच ठरेल. घाटी आणि खंडपीठ एकाच शहरात आहेत. डॉक्टर आणि वकील मात्र एकमेकांना बहुधा नोटिशीतूनच भेटतात.

त्याच निकालात डॉक्टरांसाठी आधारही आहे. कौशल्य डॉक्टरागणिक वेगळे असते, उपचाराचे मार्ग एकाहून अधिक असू शकतात, आणि योग्य काळजी घेऊन काम करणाऱ्याला केवळ परिणाम वाईट झाला म्हणून दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण काळजी घेतली होती, हे दाखवायचे कशावरून? केसपेपरवरून. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. हे नियम कागदाच्या काळातले. सॉफ्टवेअर मात्र बदलत राहते. मार्चमध्ये एक्स-रे वाचणारी आवृत्ती सप्टेंबरात राहिलेली नसते. १९६३ चा टॉवेल कागदावर १९९६ पर्यंत टिकला. आजच्या एक्स-रेवर उमटलेला आकडा, तो देणारी आवृत्ती आणि त्या दिवशीचा उंबरठा ३३ वर्षांनी कुणाला सापडेल का?

रुग्णाच्या माहितीचा प्रश्न वेगळाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक असलेले हे रुग्णालय कितीतरी दिवस हाताने कागद लिहून चालवावे लागले. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण आपला एक्स-रे यंत्राला शिकवण्यासाठी वापरला गेला, हे सिल्लोडहून एसटीने आलेल्या बाईला कळणार कसे? संमतीपत्र इंग्रजीत, वाचायला वेळ नाही आणि खाली अंगठा. संमती म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेला होकार, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगून ठेवले आहे. “मावशी, तुमचा फोटो आधी संगणकानं बघितला, त्याला इथं शंका आली. मग मी बघितला. मलाही इथं डाग दिसतोय, म्हणून थुंकी तपासू,” एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटात बाईला कळते की आपल्याला कोणी तपासले.

आणि वकील होणाऱ्यांनी हे सगळे डॉक्टरांपुरतेच आहे असे समजू नये. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर खात्याचा एक आदेश आला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि यंत्राने पुढे केलेली उत्तरे पडताळल्याशिवाय वापरू नका, असे बजावले. खोटा निकाल आणि चुकीचा आकडा यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही अगदी खऱ्यासारखे दिसतात.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आजपासून तुमच्यापैकी जे रुग्ण तपासतील, त्यांनी केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात: यंत्राने काय सांगितले, कोणत्या आवृत्तीने, किती वाजता, आणि त्यानंतर तुम्ही स्वतः काय ठरवले व का. दोन ओळी पुरतात. जे वकिली करतील, त्यांनी खरेदीचा करार मागवावा, उंबरठा कोणाच्या सहीने ठरला ते विचारावे, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरवर थांबू नये. जे उद्या रुग्णालये चालवतील, त्यांनी सॉफ्टवेअर घेताना जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी जपण्याची अट करारात घालावी. करार झाल्यावर ती घालून घेणे अवघड जाते. आणि संमतीपत्र मराठीत छापून घ्यावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. हे काम सोमवारी सकाळी ओपीडी उघडल्यावर सुरू करता येते.