श्रद्धेचा पहिला हुकूम कर्त्यावर



ख्रिस्ती श्रद्धेच्या पायावर कुटुंब भक्कम कसे उभे राहते, हा आजच्या भाषणाचा विषय. हा विषय निघाला की बहुधा उपदेशाला आरंभ होतो आणि पतीचे, पत्नीचे, मुलांचे कर्तव्य ओळीने सांगितले जाते. मी आरंभ इतिहासापासून करणार आहे. कारण आपल्या महाराष्ट्रात या श्रद्धेने घरे बांधण्याआधी कित्येक घरे दुभंगली, ही गोष्ट झाकून ठेवून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

आपल्या मुकुंदवाडी वस्तीजवळून जाणारा हमरस्ता चिकलठाणा, बदनापूर ओलांडून जालन्याला पोहोचतो. त्या जालन्याजवळ नारायण शेषाद्री या मिशनऱ्याने, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, गावकुसाबाहेर आयुष्य काढलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाची वसाहत वसविली. पण ज्याने इतरांची घरे वसविली, त्याच्या स्वतःच्या घराची कथा निराळी होती. १८४३ साली मुंबईत नारायणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयाला राहिला म्हणून बापाने न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात मोठा कलह माजला, ज्यात बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू उचलून धरली. एका श्रद्धेपायी बाप आणि मुलगे कचेरीच्या दारात समोरासमोर उभे राहिले, हे आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या इतिहासातले एक आरंभीचे पान आहे.

मग तुटलेले जोडले कसे गेले? याचे सर्वांत बोलके उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसारात सापडते. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांच्या आसऱ्याला राहिल्या. त्या काळी १८६६ चा एक कायदा असा होता की, धर्मांतरामुळे पत्नीने किंवा पतीने सहा महिने त्याग केल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विवाह रद्द करण्यासाठी अर्ज करण्याची मुभा होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. आणि लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे-ओवळे, त्यांचे वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक, हे सारे त्यांनी चालू दिले. स्वभावाने तापट, व्यवहारात विसराळू आणि दानात बेहिशेबी असा हा पुरुष या एका बाबतीत मात्र कमालीचा धीर धरून राहिला.

पुढे राहुरीस असताना लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसाने. आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या विवेकाने. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे, पतीचे दोष जराही न लपवता आणि त्याच्यावरचे प्रेम जराही न उणावता, लिहून ठेवले आहे.

यातून मला जे उमगते ते असे, की ज्या घरात श्रद्धेचा पहिला हुकूम कर्त्यावर बजावला जातो तेच घर टिकते. जेथे कर्ता तो हुकूम स्वतः हाती घेऊन इतरांवर बजावीत सुटतो, तेथे प्रार्थना होते, पण कुटुंब होत नाही. पत्नीने पतीच्या अधीन असावे, यासाठी पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार आपले पुरुष वारंवार घेतात. परंतु त्याच ठिकाणी आधी सर्वांनी परस्परांच्या अधीन व्हावे असे सांगितले आहे, आणि पतीकडून मागितलेली प्रीती ही ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला त्या मापाची आहे, हे वाचायचे बहुधा राहून जाते.

आता आपल्या वस्तीकडे वळू. मुकुंदवाडीतल्या पुष्कळ घरांचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळ्या ठरवतात; म्हणून कौटुंबिक प्रार्थनेला संध्याकाळी अमुक वाजताच बसले पाहिजे, हा आग्रह येथे निरुपयोगी आहे. रात्रपाळीहून सकाळी परतलेल्या बापाने रिकामा डबा मोरीत ठेवावा, मुलीने गणवेशाचे बटण लावता लावता ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एक गीत सुरू करावे, आईने गॅस बारीक करून पदराला हात पुसत बसावे, शास्त्रातला लहानसा भाग एकाने वाचावा आणि प्रार्थना मात्र मुलीने करावी, ज्यात तिच्या गणिताच्या पेपराचाही उल्लेख यावा. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. पण त्या दहा मिनिटांत घरातले सर्वांत लहान माणूस देवाशी बोलते आणि सर्वांत मोठे माणूस मुकाट्याने ऐकते, हा लाभ थोडा नव्हे.

दुसरी गोष्ट पैशाची. पगार किती, उचल किती, हप्ते किती, हे जिच्या हाती घर चालते तिलाच ठाऊक नसेल, तर त्या घरात विश्वास हा शब्द केवळ रविवारी उच्चारला जातो. लग्नाचा डामडौल कर्जावर करणे किंवा कमाईचा वाटा दारूच्या दुकानात ठेवून येणे, ही पापे खाजगी नव्हेत. त्यांची वसुली मुलांच्या शिक्षणातून होते.

तिसरी गोष्ट क्षमेची. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत, आपण इतरांना केलेल्या क्षमेचा दाखला देऊनच स्वतःसाठी क्षमा मागितली जाते. ती प्रार्थना घरात रोज म्हणणाऱ्या बापाला मुलासमोर ‘माझे चुकले’ म्हणण्याची लाज वाटता कामा नये.

आणि शेवटची गोष्ट दाराची. आपल्यापैकी बहुतेकांचे काका-मामा, आत्या-मावश्या आजही वेगळ्या धर्मांत आहेत. टिळकांचे नगरचे घर अनाथ मुलांसाठी उघडे होते, तसेच ख्रिस्ती नसलेल्या तरुण बालकवींसाठीही उघडे होते; तेव्हा श्रद्धेच्या नावाने सोयरिकीचे दार लावून घेणे हा त्या परंपरेचा वारसा म्हणता येणार नाही.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी, म्हणजे एके काळी याच श्रद्धेपायी घर सोडून गेलेल्या पत्नीने, पुढे नेले आणि मुलगा देवदत्त, म्हणजेच तो दत्तू, यानेही त्यात भर घातली. सक्तीने पत्नीचा बाप्तिस्मा कदाचित साधला असता. पतीचे काम आपले मानून पुढे चालविण्याची ही इच्छा सक्तीने कधीच साधली नसती. आपल्या घरात काही टिकावे असे ज्या कर्त्याला वाटते, त्याने आज्ञेची घाई सोडावी आणि आचरणाला आरंभ करावा.